कियारा, मायरा आणि अर्थाचा हट्ट

मुलींच्या नावांवरून सध्या जो वाद घरोघरी, बारशांत आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत रंगतो, तो दोन्ही बाजूंनी फार उथळपणे घातला जातो. एक बाजू म्हणते, हल्लीच्या पोरींची नावं म्हणजे सगळा 'आ'चा कारभार: कियारा, मायरा, शनाया, अनाया. ना आगा ना पिछा, अर्थाचा तर पत्ताच नाही. दुसरी बाजू म्हणते, मूल आमचं, मर्जी आमची, तुम्हाला काय करायचंय? पहिल्या बाजूला ज्या परंपरेचा कैवार घ्यायचा आहे ती परंपरा तिने नीट पाहिलेली नाही. दुसरी बाजू प्रश्नच ऐकून घ्यायला तयार नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नाव नवं असणं, परक्या भाषेतून आलेलं असणं किंवा त्याला काहीच अर्थ नसणं यात गैर असं काही नाही. गैर आहे ते नावाला खोटा अर्थ चिकटवणं. आणि हे खोटे अर्थ जन्माला घालण्याचं काम 'नावाला अर्थ हवाच' हा हट्टच करतो आहे.

आधी त्या 'आ'चं पाहू, कारण सगळा राग त्याच्यावर आहे. शब्द स्त्रीलिंगी करण्यासाठी 'आ' लावणं ही संस्कृतची अगदी मुळातली रीत आहे; पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच स्त्रीप्रत्ययांची व्यवस्था लावली आहे आणि 'आ' व 'ई' हे त्यातले मुख्य. शुक्ल यजुर्वेदाच्या परंपरेतलं पारस्कर गृह्यसूत्र तर नामकरणाच्या प्रकरणात मुलीच्या नावाचा साचाच देतं: 'अयुजाक्षरमाकारान्तं स्त्रियै'. म्हणजे मुलीच्या नावात अक्षरं विषम असावीत आणि शेवटी 'आ' असावा. आता ही कसोटी लावून पाहा. सीता, राधा, उमा, रमा ही दोन अक्षरी नावं नापास होतात. लक्ष्मी, पार्वती, सावित्री 'ई'मुळे बाद होतात. कियारा, शनाया आणि अनाया मात्र अक्षरसंख्येत आणि शेवटच्या स्वरात तंतोतंत बसतात. गृह्यसूत्रकारांना ही नावं आवडली असती असा माझा दावा नाही. पण ज्या ध्वनीला आपण 'आजकालचं फॅड' म्हणतो, तो ध्वनी मुलीच्या नावासाठी सांगून ठेवलेला आहे, एवढं तरी टीका करणाऱ्याने माहीत करून घ्यायला नको का? लॅटिनमध्येही स्त्रियांची नावं 'आ'वर संपतात, कारण ती भाषा आणि संस्कृत एकाच मोठ्या कुळातल्या. अरबी त्या कुळातली नाही, तरी तिथलाही स्त्रीलिंगी शेवट कानाला 'आ'च ऐकू येतो: फातिमा, आयेशा, सकिना. म्हणून मारिया, फातिमा आणि सुजाता एकाच वर्गाच्या हजेरीत शेजारी शेजारी वाचल्या गेल्या तर कानाला खटकत नाही, आणि म्हणूनच बाहेरचं आकारान्त नाव आपल्या घरात इतक्या सहज रुळतं.

विरोधकांच्या बाजूने सांगण्यासारखी सर्वांत भक्कम गोष्ट मनुस्मृतीत आहे, आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. दुसऱ्या अध्यायात म्हटलं आहे की स्त्रियांची नावं उच्चाराला सोपी, कठोर नसलेली, स्पष्ट अर्थाची, मनोहर, मंगल, शेवटी दीर्घ स्वर असलेली आणि आशीर्वादवाचक असावीत. 'विस्पष्टार्थं' हा शब्द तिथे आहेच. नावाला अर्थ हवा ही अपेक्षा जुनी आहे, हे मान्य करायला हवं. पण त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात असंही सांगितलं आहे की नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं, डोंगराचं किंवा पक्ष्याचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये. हा नियम महाराष्ट्राने पाळला असता तर आपल्या पणज्यांचं काय झालं असतं? गंगा, गोदावरी, नर्मदा, कृष्णा या नद्या. रोहिणी, रेवती, अनुराधा ही नक्षत्रं. मैना आणि सारिका हे पक्षी. मराठी माणसाने हा श्लोक पूर्ण बाजूला सारून आपल्या लेकींना आपल्या नद्यांची नावं दिली, आणि त्या निर्णयाचा मला अभिमान वाटतो. ज्या श्लोकात स्त्रियांच्या नावाला मंगल अर्थ मागितला आहे, त्याच्या आधीच्याच श्लोकांत शूद्राचं नाव निंदासूचक असावं असंही लिहिलं आहे. तेव्हा शास्त्रातला अर्ध्या ओळीचा आधार काढून दाखवणाऱ्याने उरलेल्या ओळीही वाचून दाखवाव्यात. परंपरा म्हणजे लोकांनी प्रत्यक्षात काय केलं ते. आणि लोकांनी नावं ठेवताना पोथीपेक्षा प्रेम, भीती, नवस, हौस आणि शेजारपाजार यांचंच जास्त ऐकलं.

मग प्रश्न उरतो तो अर्थाचा. जुनी नावं अर्थपूर्ण होती म्हणतात. कोणता अर्थ होता त्यांना? सीता म्हणजे नांगराच्या फाळाने जमिनीत उमटलेली रेघ. रेणुका हे नाव 'रेणू'वरून, म्हणजे धुळीच्या कणावरून आलेलं. जानकी म्हणजे जनकाची मुलगी, द्रौपदी म्हणजे द्रुपदाची. वैदेही, मैथिली, गांधारी, पांचाली, कौसल्या, माद्री ही नावं तर त्या बायका कोणत्या देशातल्या एवढंच सांगतात. त्यात त्यांचं स्वतःचं असं काही नाही. तरीही ही नावं आपल्याला भरीव वाटतात. का? कारण त्या नावांमागे माणसं उभी आहेत, त्यांच्या कथा आहेत. हेच उलट्या बाजूने पाहा. कैकेयी या नावाच्या अर्थात वाईट काय आहे? केकय देशाची राजकन्या, बस. पण आपल्या मुलीचं नाव कैकेयी ठेवणारं घर शोधून सापडत नाही. अर्थाने नाव चालत असतं तर कैकेयी आणि कौसल्या सारख्याच चालल्या असत्या.

सावित्रीचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. व्युत्पत्तीने ते नाव सवितृशी, सूर्याशी जोडलेलं. पण शतकानुशतकं त्याचा अर्थ होता सत्यवानाची सावित्री, नवऱ्याचे प्राण परत आणणारी. आज शाळेतल्या मुलीला सावित्री म्हटलं की नायगावची, ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेली सावित्री आठवते, जिने पुण्यात मुलींना शिकवलं आणि त्यासाठी अंगावर शेण झेललं. अक्षरं तीच, नावाचा अर्थ मात्र एका बाईने आपल्या जगण्याने बदलून टाकला. अहिल्येचंही तेच. शिळा होऊन पडलेल्या स्त्रीचं नाव १७२५ साली चौंडीत एका मुलीला मिळालं आणि पुढे ते राज्यकर्तीचं नाव झालं. नाव ठेवताना आपण अर्थ देत नाही, अर्थाला जागा देतो. मायरा नावाच्या मुलीलाही ती जागा तितकीच मोकळी आहे.

यावर कुणी विचारेल, आणि रास्तपणे विचारेल, की मग नकुशांचं काय? सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये दोनशे पंच्याऐंशी मुलींची 'नकुसा', 'नकुशी' ही नावं सरकारी समारंभात बदलण्यात आली. मुलगाच हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून ठेवलेलं ते नाव. तिथे अर्थ मुलीच्या अंगावर रोज ओरखडा काढत होता. अर्थाला काही किंमत नाही असं त्या मुलींना सांगायचं माझं धाडस नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर बौद्ध घरांमध्ये नावांचं जे परिवर्तन झालं, तेही अर्थाचं मोल सांगणारंच आहे. ज्या वस्त्यांवर जातीने धोंडी, दगडी, कचरी अशी नावं लादली होती, तिथे प्रज्ञा, करुणा, सुजाता, यशोधरा, संघमित्रा, विशाखा आल्या. (यातली सगळी नावं आकारान्त आहेत, हेही 'आ'वर चिडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.) एका पिढीने ठरवून, समजून, आपला इतिहास निवडून आपल्या मुलींना नावं दिली. मराठी समाजात नावांच्या बाबतीत यापेक्षा मोठी घटना मला दिसत नाही.

पण या दोन्ही उदाहरणांत अर्थ खरा होता, हा माझा मुद्दा आहे. नकुसा म्हणजे नको असलेली हे खरंच होतं, म्हणून तर ते टोचत होतं. प्रज्ञा म्हणजे काय हे ठेवणाऱ्यांना नीट माहीत होतं, म्हणून त्या नावात ताकद आली. साताऱ्यात मुलींनी स्वतःसाठी जी नावं निवडली त्यांत वैशाली होतं, ऐश्वर्या होतं. वैशाली हे मुळात लिच्छवींच्या राजधानीचं नाव. ऐश्वर्या घेताना डोळ्यांसमोर सिनेमातली नटी होती. त्या मुलींना कुणी सांगावं का, की तुमचं नाव एका शहराचं आहे, तुमचं नटीवरून आलंय, म्हणून ते हलकं? त्यांना हवं होतं ते आपल्याला कुणीतरी हौसेने हाक मारावी एवढंच.

आता खोट्या अर्थांकडे येतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. आजचं नाव कसं ठरतं ते जवळून पाहा. पंचांगावरून नक्षत्राचं चरण निघतं आणि चरणावरून अक्षर. मृगाच्या चौथ्या चरणाला 'की' येतं. घरात आत्या, मावश्या, चुलतबहिणी मिळून कीर्ती आणि किशोरी आधीच झालेल्या असतात. किरण हे मुलाचंही नाव, म्हणून नको. नाव लहान हवं, उच्चाराला सोपं हवं, परदेशात चालावं, शेवटी 'आ' असावा. या सगळ्या चाळण्यांतून खाली काय उरणार? कियारा. म्हणजे ज्या नावाला परंपरेवरचं आक्रमण म्हटलं जातं, ते निम्मं पंचांगाने घडवलेलं असतं. हस्ताच्या 'ण', 'ठ' किंवा आर्द्रेच्या 'ङ' या अक्षरांवर जन्मलेल्यांच्या आईबापांची तर आणखीच अडचण. आणि मग येतो शेवटचा दबाव: बारशाच्या पत्रिकेवर नाव छापलं की पाहुणा विचारणारच, 'अर्थ काय गं?' उत्तर नाही म्हटलं की चेहरे पडतात. म्हणून मोबाइलवर याद्या उघडल्या जातात, आणि याद्या तत्परतेने अर्थ पुरवतात. सूर्याचा पहिला किरण, देवाची देणगी, दुर्गेचं एक नाव, राजकन्या. या चार-पाच अर्थांच्या आळीपाळीने वाटणीवर शेकडो नावं निभावून नेली जातात.

खरी गोष्ट किती वेगळी आणि किती रंजक आहे! इटालियन 'कियारा' हे लॅटिन 'क्लारा'पासून आलेलं. अर्थ उजळ, स्वच्छ. असिसीच्या तेराव्या शतकातल्या संत क्लारा तिथे याच नावाने ओळखल्या जातात. आयरिश भाषेत रोमन लिपीत जवळजवळ तसंच दिसणारं दुसरं नाव आहे, त्याचा उच्चार 'कीरा'च्या जवळचा आणि मूळ अर्थ काळी, सावळी. दोन नावं, दोन भाषा, अर्थ एकमेकांच्या उलट. याद्यांत दोन्ही एकाच ओळीत. मायरा हे नाव फुल्क ग्रेव्हिल या १५५४ साली जन्मलेल्या इंग्रज कवीने आपल्या कवितेसाठी घडवलं असं मानलं जातं. म्हणजे त्याला कोशातला अर्थ असण्याचं कारणच नाही. प्रेमकवितेसाठी सुचलेला एक गोड आवाज, एवढंच. हे मुलीला सांगायला काय हरकत आहे? 'तुझं नाव एका कवीला सुचलं होतं' हे वाक्य 'तुझ्या नावाचा अर्थ राजकन्या' यापेक्षा मला कितीतरी देखणं वाटतं, आणि तिने मोठी झाल्यावर कोश उघडला तरी ते तिला फसवत नाही.

संस्कृत नाव घेतलं की ही भानगड टळते, असंही समजू नये. मुलांमध्ये गाजलेलं 'आरव' घ्या. याद्या त्याचा अर्थ 'शांत' असा देतात. संस्कृतात 'रव' म्हणजे आवाज आणि 'आरव' म्हणजेही आवाज, आरडाओरडा. म्हणजे दिलेला अर्थ नेमका उलटा. अस्मिता हे नाव आपण दोन पिढ्या प्रेमाने ठेवलं. पतंजलीच्या योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी एक आहे, अविद्येच्या लगोलग येणारा. मराठीने त्याला स्वत्वाचा, अभिमानाचा अर्थ दिला आणि तो आता आपला झाला, हे चांगलंच झालं. पण मग भाषा अर्थ बदलते हे संस्कृत नावांच्या बाबतीत चालतं, आणि परक्या नावांच्या बाबतीत मात्र नाही, हा कुठला न्याय? आरव, विवान, कियान यांच्या आईबापांना फारसं कुणी टोकत नाही. संस्कृती जपण्याची जबाबदारी नेमकी मुलीच्या नावावर येऊन पडते, आणि उत्तर द्यावं लागतं तिच्या आईला.

एक आक्षेप मला मनापासून पटतो. नावं एकसारखी होत चालली आहेत. एका बालवाडीत दोन कियारा आणि तीन मायरा असतील, तर बाईंना आडनावाने हाक मारावी लागते. सगुणा, ठकू, भागीरथी, मथुरा, येसू या नावांत जो मातीचा वास आणि आवाजांचं वैविध्य होतं, ते यात नाही. त्याचं मलाही वाईट वाटतं. पण एकसारखेपणा आजचा नाही. एके काळी प्रत्येक आळीत गंगू आणि यमू होत्या. नंतरच्या पिढीत प्रत्येक वर्गात कमल, विमल, कुसुम आणि सुमन होत्या, ज्यांतली काही संस्कृतात चक्क नपुंसकलिंगी नामं आहेत. तीही तेव्हा नवीच लाट होती. परक्या भाषेचंही आपल्याला कधी वावडं नव्हतं. गावोगावच्या हौसाबाईंच्या नावातली 'हौस' अरबीतून आली, रेश्मातलं 'रेशम' फारसीतून, गुलाबही तिथूनच. हौसाबाईला कुणी परकी म्हणायला धजावेल का? नावं परतही येतात. सखीचं प्राकृतात 'सही' आणि मराठीत 'सई' झालं. शिवाजी महाराजांच्या राणीचं हे नाव मधल्या काळात मागे पडलं होतं, आज ते शहरांतल्या बालवाड्यांत पुन्हा ऐकू येतं. कुणी दटावलं म्हणून ते परतलं नाही, लहान, गोड आणि आपलं वाटलं म्हणून परतलं. जुनी नावं परत हवी असतील तर ती हाकेत वापरणं, त्यांच्या गोष्टी सांगणं हाच मार्ग आहे. नव्या आईला बारशात खजील करून एकही भागीरथी परत यायची नाही.

'आमची मर्जी' म्हणणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. नाव ठेवता तुम्ही, पण वागवायचं तिला. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर, त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा झाला आहे. तेव्हा रोमन लिपीत एक जादा अक्षर शुभ म्हणून घुसडताना ती मुलगी ते किती खिडक्यांवर समजावून सांगत फिरेल याचा विचार करा. घाई करण्याची गरजही नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नावाशिवाय जन्माची नोंद होते. नाव वर्षभरात विनाशुल्क आणि नंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत नोंदवता येतं. बाराव्या दिवशी यादीतून घाईने उचललेल्या नावापेक्षा तीन महिने 'बाळ' म्हणून हाक मारून मग ठरवलेलं नाव बरं.

आणि जुन्या नावांचा कैवार घेणाऱ्या मंडळींना माझा एक प्रश्न आहे. ती नावं इतकी पवित्र होती, तर ती बायकांकडे राहू का दिली नाहीत? डॉक्टर होण्यासाठी १८८३ मध्ये अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. टिळकांच्या सत्यभामाबाई माहेरच्या तापी. झाशीच्या लक्ष्मीबाई माहेरच्या मणिकर्णिका. ताटात तांदूळ पसरून त्यावर नवं नाव लिहिलं की दहा-अकरा वर्षांच्या मुलीचं आईबापांनी दिलेलं नाव पुसलं जाई, मग त्याचा अर्थ कितीही मंगल असो. नाव अर्थपूर्ण हवं म्हणून आज जे आवाज चढतात, ते या प्रथेविरुद्ध किती चढले? ही प्रथा अजून पूर्ण संपलेलीही नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. निर्णय स्वागतार्ह आहे. पण ज्या आईचं नाव लग्नात बदललं, तिचं कोणतं नाव तिच्या लेकीच्या नावापुढे लागणार: तिच्या आईने पाळण्यात घालताना ठेवलेलं, की सासरी तांदळात लिहिलेलं? मुलींच्या नावांची एवढी कळकळ असेल, तर वाद या प्रश्नावर घालू या.